चिंधीला बांधलेली चावी

आमच्या समोरच्या गॅरेजमध्ये जो माणूस दिवसभर पाइपांना तोंड लावून फुंकत बसतो, त्याला सगळे फुंक्या म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघेल, कोणाला बोलावताहेत म्हणून. माझं दुकान रबरी नळ्यांचं, क्लिपांचं आणि गॅस्केटचं. रस्त्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो. आमचे हे म्हणतात, तू माझ्यापेक्षा त्याचंच तोंड जास्त पाहिलंस. खोटं नाही ते. पण त्यात माझा काय दोष, दुकानाचं दार त्याच बाजूला आहे.

पहिल्यांदा नळी घ्यायला आला तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. नळी हातात घेतली, दाबली, पिळली, आत बोट घालून फिरवलं आणि सरळ तोंडाला लावून फुंकली. मग दुसरी, मग तिसरी. मी म्हटलं, अहो, तुमची उष्टी नळी मी आता कोणाच्या गळ्यात मारू? तर शांतपणे म्हणाला, "ताई, डिझेल कोणीही पाजेल. हवा कोण देणार?" आणि चौथी उचलली. मी कपाळाला हात लावला.

पण तो म्हणायचा ते खरं होतं, हे मला हळूहळू कळलं. जुने टर्बोवाले डिझेल ट्रक काळा धूर ओकतात, तापतात, चढाला रडतात. ड्रायव्हर म्हणतो डिझेल वाढवा, जोर येईल. फुंक्या म्हणायचा, पोटभर वाढलंय त्याला, पण नाक दाबून धरलंय. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. ती हवा येते त्या वाटेत कुठे काटकोनी वळण आहे, कुठे गळती आहे, कुठे चिखल बसलाय, हे शोधण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. त्याच्या हाताखालून गेलेला ट्रक ओळखू यायचा, कारण तो धूर सोडत नसे.

गॅरेज मात्र असं, की तिथे हवा म्हणून नव्हती. लांबट शेड, मध्ये खड्डा, मागे आंधळी भिंत. पुढचं दार तेवढं एक, आणि त्या दारातच दादाची खुर्ची. दादा म्हणजे फुंक्याचा थोरला भाऊ, गॅरेजचा मालक. आत जायचं तर त्याच्यासमोरून, बाहेर यायचं तर त्याच्यासमोरून. फुंक्याची खोली शेडच्या वर, लोखंडी जिन्यानं चढायची. तिच्या खिडकीतून फक्त माझ्या दुकानाची पाटी दिसते. त्याच्या बायकोनं त्या खोलीत संसार केला. तिला माझी पाटी तोंडपाठ होती, आणि ती चेष्टेत म्हणायची की झोपेतही क्लिपांची मापं सांगेन.

दादा वाईट माणूस आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. वडील गेले तेव्हा फुंक्या लहान होता. दादानं त्याला वाढवलं, हातात पाना दिला, लग्न लावून दिलं. दादाची स्वतःची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नजर अधू झाली तसं कामही सुटलं. उरली ती खुर्ची. तो फुंक्याला कधी ओरडला नाही, कधी नको म्हणाला नाही. तो फक्त म्हणायचा, एवढं एक झालं की जा. आणि एक झालं की दुसरं दारात उभं असायचं.

फुंक्याची बायको नर्स. डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली तेव्हा ती मुलीला घेऊन गेली. भांडून नाही गेली. दोघांचं ठरलं होतं, पुढे ती जाईल, खोली बघेल, मागून तो येईल. तो दर वेळी मला सांगायचा, ताई, या महिन्यात जातोच. मी आधी आधी तोंड भरून आशीर्वाद दिले. मग नुसती मान हलवायला लागले. शेवटी शेवटी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मी मुद्दाम क्लिपा मोजत बसायची.

मग आला कासव. कासव म्हणजे एक ट्रकच. डोंगरापलीकडे सिमेंट नेणारा ट्रक, आणि चढावर असा रांगायचा की गावानं त्याचं नाव कासव ठेवलं आणि त्याच्या ड्रायव्हरचं कासववाले. माझ्या दुकानाच्या पायरीवरून कोपऱ्यापलीकडचा पहिला चढ दिसतो. कासव चढाला लागला की मी दोन गिऱ्हाइकं करायची, घासाघीस करून, आणि मान वर करावी तर हा अजून वळणाच्या अलीकडेच, काळा धूर सोडत. कासववाले दादाकडे आले आणि म्हणाले, आता हा भरल्या वजनानं घाट चढला तर ठीक, नाहीतर भंगारात. दादा फुंक्याकडे बघून म्हणाला, हा चढव आणि तू मोकळा. माझ्यासमोर म्हणाला. मी साक्षीदार आहे.

फुंक्या कासवच्या मागे हात धुऊन लागला. गॅरेजात उभा करून इंजिन फिरवलं तर सगळं ठीक दिसायचं. नळी चांगली, क्लिपा घट्ट, साबणाचं पाणी लावलं तरी कुठे बुडबुडा नाही. त्याचं डोकं चालेना. मग त्यानं काय करावं? भरलेल्या कासवमधून चढापर्यंत गेला, आणि ट्रक पुरा जोर लावत असताना खाली उतरला. चालत्या ट्रकमधून! केबिनच्या मागे हवेची नळी असते, तिच्यावर नजर ठेवून तो कासवच्या बाजूनं आरामात चालत राहिला, मध्ये एकदा चपलेतला खडाही काढला, आणि दिसलं ते बघून पुन्हा वर चढून बसला. मी पायरीवरून बघत होते आणि हसून हसून माझी पुरेवाट झाली.

दिसलं ते असं: नळी बाहेरून धडधाकट, पण आतला थर सुटलेला. जोर आला की टर्बो हवा ओढी आणि नळी कवळी काढलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखी आत बसे. उभ्या ट्रकमध्ये ते कधीच कळलं नसतं. तो माझ्याकडे आला, आणि आत तारेचं वेटोळं असलेली जाड नळी फुंकून फुंकून निवडली. काटकोनी वळण कापून त्यानं पत्र्याचं ऐसपैस वळण घडवलं. हवा घ्यायचं तोंड खाली चाकाजवळ होतं, गरम हवा आणि धूळ गिळत. ते केबिनच्या बाजूनं वर छतापर्यंत नेलं. हवा थंड करायची जाळी खोलून धुतली, तर चिखलाचे पोपडे निघाले. हे सगळं होईपर्यंत टर्बोच्या उघड्या तोंडात लाल चिंधी, आणि चिंधीला बांधलेली चावी.

या चिंधीचं सांगायलाच हवं. नळी काढली की टर्बोचं तोंड उघडं पडतं. आमच्या रस्त्यावर धूळ काय कमी उडते? एखादा खडा, एखादा नट आत गेला तर पंखा गेला. म्हणून सगळेच मिस्त्री तिथे चिंधी कोंबतात. आणि मग विसरतात. काही वर्षांपूर्वी दादानंच एकदा घाईघाईत, हो हो, काढली चिंधी, म्हणून चावी फिरवली होती. काढली होती ती दुसऱ्या ट्रकची. एका क्षणात टर्बोचा चुरा. तेव्हापासून फुंक्यानं नियम केला. चिंधी लालच हवी, ट्रकची चावी तिलाच बांधायची, आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गॅरेजचा असा एकच नियम होता जो कोणी मोडत नसे. मूळ नियम खरं तर दादाच्या घाईवरूनच केलेला.

कासव चढला. पायरीवर उभी राहून मी बघत होते. कोपऱ्यावरून वळला, चढाला लागला, आणि मी आत एका गिऱ्हाइकाला सुट्टे देऊन परत येते तो रस्ता रिकामा. आधी वाटलं बंद पडून मागे आला की काय. नाही, वर निघून गेला होता. संध्याकाळी कासववाल्यांचा फोन आला, की निम्म्या वेळात पोहोचलो आणि इंजिनाच्या तापाचा काटा कुठेच तांबड्यात गेला नाही. फुंक्या इतका खूश मी कधी बघितला नव्हता. त्यानं बायकोला फोन केला. इस्पितळाच्या गाड्या दुरुस्त करायला तिथे एक मिस्त्री हवा होता, तिनं शब्द टाकून ती जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. ठरलं. कासवच्या पुढच्या फेरीला मुलगी येणार आणि बापाला घेऊन जाणार.

त्याच्या आदल्या दिवशी दादा माझ्या दुकानात आला. खुर्ची सोडून रस्ता ओलांडून आला, तेव्हा मला नवलच वाटलं. इकडचं तिकडचं बोलला. फुंक्या जाणार, बरं झालं, पोरीला बाप हवा, असं म्हणाला, आणि त्याचे डोळेही भरले. मग जाता जाता विचारलं, ताई, त्या दुधाच्या टँकरला लागते तेवढ्या मापाची नळी आहे का? मी म्हटलं, नाही हो, संपलीय, परवा येईल. बरं बरं म्हणाला आणि काठी टेकत गेला. मला काय माहीत!

सकाळी मुलगी आली. आता कॉलेजात जाते, बापाचं नाक आणि आईची जीभ. कासव माल उतरवून, नवा भरून, निघायच्या तयारीत माझ्या दुकानासमोरच उभा होता. घाटात जड गाड्या दुपारी बाराच्या आतच सोडतात, त्यामुळे कासववाले घड्याळ बघत होते. बस एकच, ती पहाटेच गेलेली, आणि पोहोचते ती दुपारी. मुलगी माझ्याकडे पाणी प्यायला आली. मी विचारलं, आई कशी आहे? ती म्हणाली, बरी आहे. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, आईनं सांगितलंय, उद्या सकाळी बाबा तिथे हजर नसले तर ती जागा दुसऱ्याला जाईल. आणि यापुढे कोणी न्यायला येणार नाही. बाबांना सांगू नको म्हणाली. न सांगता त्यांना कळलं नाही तर काय उपयोग, म्हणाली."

मी म्हटलं, अगं येतोय तो, बॅग भरून ठेवलीय काल रात्रीपासून. खरंच भरली होती. ती निळी बॅग तिनं स्वतः वरून आणली आणि केबिनमध्ये मधल्या जागेवर ठेवली, म्हणजे ती बाजूला सरकवून बापानं बसायचं. फुंक्या आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून जिना उतरला. इतका स्वच्छ की कासववाल्यांनी विचारलं, पाहुणे कुठले? दादाच्या पाया पडला. दादानं पाठीवरून हात फिरवला. सगळं ठीक चाललं होतं.

आणि मग त्यानं जाता जाता शेडमध्ये नजर टाकली. सवय, दुसरं काय! आत दुधाचा टँकर उभा. टँकरवाला आदल्या दिवशीच दादाला फोन करून सकाळीच धुराची तक्रार घेऊन आला होता, त्याला संध्याकाळी दूध भरायला पोहोचायचं होतं. हवेची नळी सुरीनं उभी कापून खाली टाकलेली, आणि टर्बोचं तोंड उघडं, आ वासून. वारा सुटलेला. रस्त्यावरची धूळ सरळ आत.

फुंक्या म्हणाला, हे कोणी उघडलं? दादा म्हणाला, मीच. सडलीच होती नळी, म्हटलं कापून ठेवू, कोणीतरी बघेल. चिंधी कुठे आहे, फुंक्यानं विचारलं. दादा म्हणाला, मला कुठे दिसतं रे आता.

मी रस्त्याच्या अलीकडून बघत होते. नको, नको, नको, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. पण त्याचा हात तोवर खांबाच्या खिळ्यावर गेलाही होता. लाल चिंधी काढली, झटकली, टर्बोच्या तोंडात कोंबली, टँकरवाल्याकडून चावी घेतली आणि गाठ मारली. हे त्यानं विचार करून केलं असं मला आजही वाटत नाही. उघडी जखम दिसली की आपण हात ठेवतो, तसं केलं. गाठ मारून झाली आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. त्याचा चेहरा मला इथून दिसला.

तो धावत माझ्याकडे आला. ताई, टँकरच्या मापाची द्या, पटकन, दहा मिनिटांत बसवतो आणि निघतो. मी नाही म्हणायच्या आधी सगळं दुकान उपसलं. वरचे खोके खाली काढले, माळ्यावर चढले, आमच्या ह्यांना शिव्या घातल्या, जुना माल झटकला. एका मापानं लहान नळी होती, दोन मापांनी मोठी होती. ती नव्हती. मला माहीतच होतं नाही म्हणून, मीच काल सांगितलं होतं दादाला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी तिथेच माळ्याच्या शिडीवर बसले. फुंक्यालाही कळलं असावं, त्याची नजर खुर्चीकडे गेली होती.

आता उपाय एकच, पत्र्याची नळी वळवून दोन्ही टोकांना लहान मापाचे तुकडे ताणून चढवायचे. दुपार जाणार त्यात. मी त्याला म्हटलं, जा तू. मरू दे टँकर. चावी खिशात घालून घेऊन जा, म्हणजे कोणी सुरूच करणार नाही. तो म्हणाला, टँकरवाल्याजवळ दुसरी चावी असते, आणि त्याला संध्याकाळी दूध भरायचंय. दादाच त्याला सांगेल, काढली चिंधी, फिरव. आणि मान खाली घालून शेडमध्ये गेला. स्वच्छ शर्ट काढून खिळ्याला अडकवला.

दादा खुर्चीतून म्हणाला, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय तुला?"

त्या वाक्याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्याचा आवाज कापत होता, हेही मी ऐकलं. म्हाताऱ्याला भीती वाटत होती, एकटा उरण्याची, आणि भीतीपोटी त्यानं भावाच्या पायात बेडी घातली. समजतं मला. समजलं म्हणून माफ करावं लागतं असं थोडंच आहे?

कासववाल्यांनी दोनदा हॉर्न दिला. मुलगी खाली उतरली आणि शेडमध्ये गेली. मीही मागोमाग गेले, राहवलं नाही. ती टँकरजवळ उभी राहिली, चिंधीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. लहानपण त्याच शेडमध्ये गेलेलं तिचं, तिला नियम काय ठाऊक नव्हता?

ती म्हणाली, "बाबा, मी काढू?"

फुंक्या पत्र्यावर खुणा करत होता. हात थांबला. आता हो म्हण रे बाबा, एकदा हो म्हण, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ज्यानं लावली त्यानंच काढायची," तो म्हणाला. "पुढच्या फेरीला येतो."

आईचा निरोप तिनं सांगितला नाही. ओठ घट्ट मिटून ती बाहेर आली, केबिनमध्ये चढली, मधल्या जागेवरची निळी बॅग उचलली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली. म्हणाली, मावशी, बाबांना द्या. मी बॅग घेतली. दुसरं काय करणार होते?

कासव सुरू झाला. आवाज असा साफ की कान तृप्त व्हावेत. शेडमध्ये पत्र्यावरची हातोडी थांबली. मला वाटलं, तो आवाज ऐकतोय, आपलं काम ऐकतोय. ट्रक कोपऱ्यावर वळला, आणि तेवढ्यात आत हातोडी खाली पडल्याचा खणखणाट झाला. फुंक्या बाहेर आला. उघडा, हाताला ग्रीस, खुर्चीवरून दादा काहीतरी म्हणत होता तिकडे न बघता त्याच्या समोरून गेला आणि पळत सुटला. त्या माणसाला पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. चपला रस्त्यात राहिल्या. मी पायरीवर उभी राहून ओरडले, धाव, धाव, चढाला लागलाय तो!

जुना कासव असता तर त्यानं चालत गाठला असता. पहिल्या वळणाच्या आतच फळी धरून वर चढला असता, तसा तो आधी चढलाच होता, माझ्या डोळ्यांदेखत. तो कोपऱ्यापर्यंत पोहोचला आणि उभा राहिला. चढ रिकामा होता. कुठवर गेला ते कळायला धूरसुद्धा नव्हता.